दातांच्या तारेमागचे डॉक्टर : एडवर्ड अँगल

मुलाच्या दातांना तार लावायची ठरली की पालक हमखास विचारतात, चार चांगले दात काढायला सांगितलेत, काढू द्यायचे का? मी फॅमिली डॉक्टर, निर्णय ऑर्थोडॉन्टिस्टचा. पण हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या मध्यभागी अमेरिकेतले डॉ. एडवर्ड अँगल उभे आहेत.

अँगल यांचा जन्म १८५५ साली पेनसिल्व्हेनियात झाला. १८७८ मध्ये ते दंतवैद्य झाले. त्या काळी वाकडे दात सरळ करणं हे दंतवैद्याचं जोडकाम होतं. अँगल यांनी १९०० साली सेंट लुईस इथे त्यासाठी स्वतंत्र शाळा काढली. वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून त्यांनी १८९९ मध्ये केलेले तीन वर्ग आजही तुमच्या मुलाच्या केसपेपरवर दिसतील.

त्यांचा खरा जीव मात्र तारेत होता. सुरुवातीला दातांच्या बाहेरून एक जाड कमान बसवून दात तिला बांधले जात. त्यामुळे दात बाहेर यायचे, पण फक्त कलायचे. मूळ जागच्या जागी राहायचं. हे त्यांना खुपत होतं. १९२५ च्या सुमारास, सत्तरीत, त्यांनी चौकोनी खाचेचं ब्रॅकेट आणलं. चौकोनी तार त्या खाचेत गोल फिरू शकत नाही, म्हणून तिला दिलेला पीळ थेट मुळापर्यंत पोचतो. आजची धातूची ब्रॅकेट्स याच कल्पनेवर चालतात.

तार ही एक प्रकारची स्प्रिंगच. वाकवली की मूळ आकारात यायला बघते आणि दाताला सोबत नेते. त्याशिवाय छोट्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात : दाबून बसवलेली दोन दातांत जागा करते, ताणून लावलेली जागा बंद करते. काढता येणाऱ्या प्लेटमध्ये झेड आकाराची स्प्रिंग आत गेलेला एखादा दात पुढे ढकलते. जोर हलकाच हवा. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, ताणाच्या बाजूला नवं तयार होतं, आणि याला वेळ लागतो. जोर जास्त झाला तर मूळ झिजू शकतं. म्हणून सुटलेली स्प्रिंग घरी चिमट्याने बसवू नका, दवाखान्यात फोन करा.

पुढच्या काळात अँगल यांचा आग्रह होता की एकही दात काढायचा नाही. जबडा रुंदावून सगळे बसवले की हाड आपोआप साथ देईल, असं ते मानत. विरोध त्यांना सोसत नसे. १९३० मध्ये ते वारले. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपले बिनकाढणीचे काही रुग्ण पुन्हा बिघडलेले दिसले. मग दाढांपुढचे चार दात काढून त्यांनी त्या रुग्णांवर पुन्हा उपचार केले, गुरूंच्याच ब्रॅकेटने.

तेव्हा डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : दात न काढता सगळे बसवले तर पुढचे दात आणि ओठ किती बाहेर येतील?