नाटककार गोविंद बल्लाळ देवल

सातारच्या पूर्वेस माहुली येथें कृष्णा व वेण्णा यांचा संगम आहे. तेथून कृष्णामाई खालीं वाहत जाते व सांगलीजवळ हरिपूर येथें तिला वारणा मिळते. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन सांगलीकडील मुलखास दक्षिण सातारा हें नांव मिळालें, व १९६० सालीं त्याचेंच नांव सांगली जिल्हा असें झालें. म्हणून हरिपूरचा थोर पुरुष सातारच्या मुलांनाही परका नव्हे. अशाच एका पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों.

हेंच चरित्र निवडण्यास एक कारण आहे. निबंधाच्या वहींत तांबड्या शाईच्या खुणा दिसल्या कीं पुष्कळ विद्यार्थ्यांचीं तोंडें उतरतात. आपली बुद्धि कमी ठरली असें त्यांस वाटतें, व कित्येक तर पुढें लिहिण्याचाच कंटाळा करितात. अशांनीं देवलांकडे पाहावें.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजीं झाला. त्यांचें बालपण हरिपुरास गेलें व पुढील शिक्षण बेळगांवीं झालें. तेथें त्यांस बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले. याच अण्णासाहेबांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकास नवें वळण दिलें. वर्गांतील गुरूच नाटकाच्या धंद्यांतही गुरु व्हावा, हा योग विरळा. देवल त्यांच्या मंडळींत शिरले, नट म्हणून तोंडास रंग लाविला, आणि पद कसें रचावें, कोठें घालावें, प्रेक्षकांचें मन कोठें रमतें व कोठें कंटाळतें, हें सर्व त्यांनीं जवळून पाहिलें. १८८५ सालीं अण्णासाहेब वारले. परंतु देवलांचें शिष्यत्व तेथें संपलें नाहीं.

यापुढें त्यांनीं थोर ग्रंथकारांस गुरुस्थानीं मानिलें असें म्हणावयास हरकत नाहीं. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचें, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचें, १८९३ मधील ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून घेतलेलें. १८८६ सालचें ‘दुर्गा’ एका इंग्रजी नाटकावरून उतरलें, आणि १८९० सालच्या ‘झुंझारराव’ नाटकास शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा आधार होता. एकंदर सात नाटकांपैकीं सहांचें मूळ दुसऱ्याच्या ग्रंथांत आहे. यावरून कोणी त्यांस कमी लेखील. आम्हांस मात्र यांत एका उमेदवाराची चिकाटी दिसते. सुतार आधीं उस्तादाच्या हाताखालीं रंधा धरतो, मग स्वतःची पेटी बांधतो, तसेंच हें. शिवाय त्यांनीं नुसती नक्कल केली नाहीं. वेषांतर केलेलीं त्यांचीं पात्रें अस्सल मराठी बोलतात.

ही भाषा त्यांनीं केवळ मेजापाशीं बसून कमाविली नाहीं. नटांस तालीम देण्यांत देवलांचा हातखंडा होता. तालमींत लेखकाचा गर्व टिकत नाहीं. कागदावर शोभणारें वाक्य नटाच्या जिभेवर अडखळलें, तर चूक बहुधा वाक्याचीच असते. अशा जागीं वर्षानुवर्षें उभें राहिलेल्या माणसाचीं नाटकें सोपीं व सुटसुटीत उतरावींत, यांत नवल नाहीं.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, १८९९ च्या जानेवारींत, त्यांचें ‘शारदा’ हें नाटक किर्लोस्कर मंडळीनें इंदुरास प्रथम केलें. याचें कथानक सर्वस्वीं त्यांचें स्वतःचें. पैशाच्या लोभानें कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्यास देऊं पाहतो, आणि तरुण कोदंड तें लग्न मोडावयास पुढें होतो. आपल्याच समाजांतील अन्याय त्यांनीं घरगुती बोलींत व साध्या चालींच्या पदांत असा मांडिला कीं आईबापांचीं मनें हललीं. पुढें १९२९ सालीं बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. त्याचें नांव हरविलास सारडा यांच्यावरून पडलें, तरी मराठी लोकांनीं त्यास शारदा कायदा म्हटलें, व तो शब्द ऐकतांना पुष्कळांस देवलांची शारदाच आठवली असेल.

एवढी कीर्ति मिळाल्यावर एखाद्यानें आपल्या लिखाणास दुसऱ्याचा हात लागूं दिला नसता. देवलांची गोष्ट निराळी. १८९३ मध्यें त्यांनीं ‘फाल्गुनराव’ नांवाचें गद्य प्रहसन लिहिलें होतें. त्याचें मूळ मर्फी या आयरिश नाटककाराकडे व त्याच्याही मागें फ्रेंच मोलिएरकडे जातें. वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, साठीच्या घरांत, त्यांनीं तेंच जुनें नाटक गंधर्व नाटक मंडळीसाठीं पुन्हा हातीं घेतलें व त्यांत पदें घातलीं. ज्या बालगंधर्वांस १९०५ सालीं त्यांनीं शकुंतलेच्या कामाची तालीम दिली, त्यांचीच ही मंडळी. शिष्याच्या गरजेसाठीं गुरूनें आपली जुनी वही पुन्हा उघडली! तें ‘संशयकल्लोळ’ १९१६ सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्याच वर्षीं १४ जून रोजीं देवलांचें देहावसान झालें. शंभर वर्षें उलटल्यावरही त्या नाटकाचे प्रयोग झाले आहेत.

सल्ला ऐकणें म्हणजे प्रत्येकाच्या हो ला हो मिळविणें नव्हे. तसें असतें तर ‘शारदा’ लिहिण्याचें धैर्य देवलांस झालें नसतें. कारण त्या काळीं जरठकुमारीविवाहास मान देणारेच लोक फार. कोणाचें ऐकावें हें जाणणें, ऐकलेलें आपल्या बुद्धीवर घासून घेणें व मग आपलें काम सुधारणें, हा त्यांचा मार्ग होता. प्रार्थनेच्या वेळीं शलोमोनाचीं नीतिसूत्रें आपण ऐकतों, त्यांतही बोध ऐकणाऱ्यास शहाणा म्हटलें आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, वही परत आली म्हणजे ती मिटूं नका. खुणेजवळ थांबा, तें वाक्य मोठ्यानें वाचा व पुन्हा लिहून पाहा. आणि पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलास किती गुण मिळाले हें विचारण्यापूर्वीं त्यानें काय सुधारलें हें एकवार विचारावें.