शस्त्र कोणाच्या हाती द्यावे? : हकीम अबुल कासिम अल-झहरावी यांचे जीवन

वाचकहो, वैद्यकाचे शिक्षण पुरे केलेल्या तरुणांपैकी शस्त्रक्रियेसाठी कोणाला निवडावे, हा प्रश्न आपणांस आजच्या काळातला वाटेल. परंतु हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील एका थोर हकिमाने त्यावर खोल विचार केला होता. त्यांचे नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-झहरावी. युरोप त्यांना अबुलकासिस या नावाने ओळखतो.

इ.स. ९३६ मध्ये खलिफा तिसरा अब्दुर्रहमान यांनी कुर्तुबा शहराच्या पश्चिमेस मदीनतुझ्झहरा ही नवी राजनगरी वसविण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास अल-झहरावी यांचा जन्म झाला आणि नगरीचे नावच त्यांच्या नावाला जोडले गेले. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. इ.स. १००० च्या सुमारास त्यांनी तो सारा अनुभव ‘अत्-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात उतरविला. शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. डाग देणे, चिरफाड आणि हाडे बसविणे अशी त्याची तीन प्रकरणे असून सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या त्यात आहेत. शिष्यांना ते त्यात पोटच्या मुलांप्रमाणे संबोधतात.

आता लक्ष द्या. या भागाच्या आरंभी ते स्वतःची कीर्ती सांगत नाहीत. इतरांच्या हातून दगावलेले रोगी सांगतात. एका वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापली. मानेतील रक्तवाहिन्यांची त्याला माहिती नव्हती. त्या तुटल्या आणि ती बाई त्याच्यासमोरच रक्तस्रावाने गेली. दुसऱ्याने एका वृद्धाच्या मूत्राशयातील मोठा खडा काढला, तो मूत्राशयाच्या तुकड्यासकट. म्हातारा काही दिवसांतच दगावला. या वृद्धाला पाहण्यासाठी आधी खुद्द अल-झहरावींनाच बोलावणे आले होते. खड्याचा आकार आणि रोग्याची अवस्था पाहून, हा वाचणार नाही, हे त्यांनी ताडले होते. तिसऱ्याने मोडलेल्या, जखमी पायावर पट्ट्या करकचून आवळल्या. पाय सुजला, सडला आणि रोगी हातचा गेला.

विचार करा, या तिघांचे हात थरथरत होते काय? तसे अल-झहरावी कोठेही म्हणत नाहीत. उणीव होती ती शरीररचनेच्या ज्ञानाची आणि थांबावे कोठे हे कळण्याची. म्हणूनच शस्त्र धरण्यापूर्वी हाडे, नसा, स्नायू आणि रक्तवाहिन्या पक्क्या माहीत हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. काही शस्त्रक्रिया निर्धोक, तर काहींत जिवाला धोका. धोक्याच्या वाटेला लोभापायी जाऊ नका, असे ते शिष्यांना बजावतात. वाढलेला स्तनाचा कर्करोग आपल्याला कधीच बरा करता आला नाही, हेही ते मोकळेपणाने लिहून ठेवतात.

याचा अर्थ ते भित्रे होते असा नव्हे. एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरविली होती. अल-झहरावींनी तपासले तेव्हा श्वासनलिका चिरली होती, पण मोठी रक्तवाहिनी शाबूत होती. त्यांनी जखम शिवली आणि ती बरी झाली. धाडस आणि माघार, दोन्हींच्या मुळाशी डोळस पारख होती.

पूर्वेकडे बगदादेत इ.स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिर यांनी शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचे काम सिनान इब्न साबित यांच्याकडे सोपविले. आठशेहून अधिक वैद्य त्या परीक्षेस बसले. परीक्षा हवीच, यात शंका नाही. आज आपल्या देशातही शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर शिक्षणाची जागा नीट-पीजी परीक्षेच्या गुणानुक्रमाने मिळते. त्यात वशिल्याला वाव कमी, हा मोठा लाभ. परंतु त्या उत्तरपत्रिकेत उमेदवाराची स्मृती आणि तर्क दिसतो. वृद्धाच्या खाटेपाशी उभे राहून तो हात आवरील की नाही, हे दिसत नाही. ते ओळखण्याचे काम पुढे शिकविणाऱ्या गुरूंवर येते. हाताचे कसब सरावाने बरेचसे येते. संयम आणि सचोटी मात्र गुरूने वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून पारखावी लागते.

इ.स. १०१० मध्ये यादवी युद्धात मदीनतुझ्झहरा लुटली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, इ.स. १०१३ च्या सुमारास, अल-झहरावी निवर्तले. नगरी मातीखाली गेली, ग्रंथ मात्र तरला. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपातील शल्यवैद्य कित्येक शतके त्यावर शिकले.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगा वा मुलगी उद्या सर्जन होऊ म्हणेल, तेव्हा त्यांचे गुण अवश्य पाहा. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. एखादे काम आपल्याला जमणार नाही, हे चार लोकांसमोर सांगण्याचे धैर्य त्यांच्यात आहे काय? त्या कुर्तुब्याच्या वृद्धाचा जीव ज्याच्या हाती गेला, त्याच्यापाशी नेमके तेवढेच नव्हते.