लू गेरिग आणि त्याची आई

क्रिकेटशीं परिचित असलेल्या आमच्या वाचकांस अमेरिकेंतील बेसबॉल हा खेळ समजून घेण्यास फारसे सायास पडणार नाहींत. चेंडू फेकणारा, तो टोलविणारा आणि झेलणारे येथेंही असतात; मात्र फलंदाजास तीन ठाण्यांना वळसा घालून पुन्हां मूळ ठिकाणीं परत यावें लागतें, तेव्हां एक धांव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला, तर त्या टोल्यास होम रन म्हणतात. आणि त्या वेळीं तिन्ही ठाण्यांवर आपले गडी उभे असले, तर एकदम चार धांवा पदरांत पडतात. त्या देशांत मुलें लहानपणापासून हा खेळ खेळतात, आणि कुंपणाशीं उभ्या असलेल्या आईबापांच्या जिवाची उलघाल पुष्कळदां मुलांहूनही अधिक होते. या खेळांतील एका थोर खेळाडूचें, आणि त्याबरोबरच त्याच्या आईचें, चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

लू गेरिग याचा जन्म १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. आईबाप दोघेंही जर्मनीहून आलेलीं. वडील हाइनरिख हे पत्र्याचें काम करणारे कारागीर होते. परंतु त्यांची प्रकृति बरी नसे, आणि काम कधीं मिळे, कधीं न मिळे. संसाराचा भार आई ख्रिस्टीनाबाई यांच्यावरच पडला. त्यांना चार अपत्यें झालीं. त्यांपैकीं तीन लहानपणींच दगावलीं आणि लू तेवढा वांचला. ज्या घरांतून तीन मुलें गेलीं, त्या घरांत चौथ्याला किती जपलें असेल, हें आमच्या वाचकांपैकीं ज्या माता आहेत त्यांस सांगावयास नको. ख्रिस्टीनाबाई दुसऱ्यांच्या घरीं स्वयंपाक करीत, कपडे धूत, फरशा पुशीत. धुतलेल्या कपड्यांचीं बोचकीं पोंचविण्यास लू जात असे. बाईंची इच्छा एकच होती, कीं मुलानें शिकून इंजिनिअर व्हावें. चेंडूफळीचा नाद हा उनाड लोकांचा, असेंच त्यांचें मत होतें, आणि तें त्या लपवून ठेवीत नसत.

इ. स. १९२० मध्यें न्यूयॉर्कमधील हायस्कूल ऑफ कॉमर्स या लूच्या शाळेच्या संघास शिकागो येथें तेथील लेन टेक्निकल शाळेशीं सामना खेळण्याचें बोलावणें आलें. सतरा वर्षांचा मुलगा, आगगाडीचा इतका लांबचा प्रवास, आणि तोही एका खेळासाठीं! आईबाप सहजासहजीं कबूल होईनात. शाळेच्या शिक्षकास त्यांची मनधरणी करावी लागली. अखेर परवानगी मिळाली. तो सामना २६ जून रोजीं धंदेवाईक संघाच्या मोठ्या मैदानावर झाला. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावांत तिन्ही ठाणीं भरलेलीं असतां लूनें चेंडू उजवीकडील भिंतीवरून मैदानाबाहेर भिरकावून दिला. कॉमर्सनें सामना १२ विरुद्ध ६ धांवांनीं जिंकला, आणि वर्तमानपत्रांनीं या शाळकरी पोराची तुलना प्रसिद्ध खेळाडू बेब रूथ याच्याशीं केली.

अशा वेळीं दुसरें एखादें गरीब घर हुरळून गेलें असतें. या घरांत तसें झालें नाहीं. पुढील वर्षीं लू कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाला. तेथील विद्यार्थ्यांच्या एका निवासगृहांत आई स्वयंपाकीण होती, आणि जेवणाच्या वेळीं मुलगा आपल्याच सोबत्यांस वाढीत असे. त्यानें एक चूकही केली. १९२१ च्या उन्हाळ्यांत हार्टफर्ड येथें दुसरें नांव धारण करून तो पैसे घेऊन खेळला. कॉलेजच्या नियमाविरुद्ध असल्यामुळें, ही गोष्ट उघडकीस येतांच एक वर्षपर्यंत त्यास आंतरविद्यापीठीय खेळांतून वगळण्यांत आलें.

इ. स. १९२३ च्या वसंत ऋतूंत, न्यूयॉर्क यांकीज या संघासाठीं होतकरू खेळाडू हेरणाऱ्या गृहस्थाची त्याजवर नजर पडली. त्याच सुमारास आईस न्यूमोनिया झाला. वडिलांच्या हातून काम होईना. यांकीजनें करारावर सही करतांच १,५०० डॉलर देऊं केले. लूनें सही केली आणि कॉलेज सोडलें. ज्या शिक्षणासाठीं ख्रिस्टीनाबाईंनीं इतकीं वर्षें लोकांच्या फरशा पुसल्या, तें शिक्षण त्यांच्याच आजारपणाच्या खर्चासाठीं अर्धवट राहिलें! त्यांना हें मुळींच रुचलें नाहीं. तथापि त्यांनीं मुलाशीं अबोला धरला नाहीं किंवा घराचें दार लावून घेतलें नाहीं. पुढें त्या स्वतः मैदानावर जाऊन बसूं लागल्या, खेळ समजून घेऊं लागल्या, आणि लूचे सोबती त्यांच्या हातचें जेवूं लागले. बेब रूथही त्यांच्या पंक्तीला असे.

१ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत लू गेरिग आपल्या संघाच्या एकाही सामन्यास चुकला नाहीं. ओळीनें २,१३० सामने! बोटें मोडलीं, पाठ धरली, तरी तो उभा राहिला. हा विक्रम १९९५ पर्यंत, म्हणजे छपन्न वर्षें, अबाधित होता. मात्र १९३४ च्या जुलईंत पाठीच्या दुखण्यामुळें तो एकदांच फलंदाजी करून बाहेर गेला, आणि केवळ खंड पडूं नये म्हणून त्याचें नांव त्या दिवशीं यादींत घातलें होतें, हें सांगितलें पाहिजे. त्यानें एकंदर ४९३ होम रन केले. विश्रांति न घेतां कामास उभें राहण्याची ही संवय त्यानें मैदानावर मिळविली असें आम्हांस वाटत नाहीं. ती त्यानें घरींच पाहिली होती.

परंतु आईचा एक दोषही सांगणें प्राप्त आहे. तिशीपर्यंत लू आईबापांजवळच राहिला. १९३३ सालीं त्यानें एलिनॉर नांवाच्या तरुणीशीं विवाह केला, तो ख्रिस्टीनाबाईंस पसंत पडला नाहीं, आणि सासूसुनांचें पुढेंही कधीं जमलें नाहीं. मुलास शिकागोस धाडतांना त्यांनीं मन आवरलें, कॉलेज सुटलें तेव्हांही आवरलें. पण मुलगा आपला संसार थाटतो आहे, हें मात्र त्यांना सोसलें नाहीं. या एकुलत्या मुलास त्यांनीं कोणत्या परिस्थितींत वाढविलें होतें, तें आठवल्यास त्यांना दोष देतांना जीभ अडखळते. तथापि दोष होता, आणि तो दोघांनाही भोंवला.

१९३८ पासून लूचे हातपाय मंदावूं लागले. १९३९ च्या पहिल्या आठ सामन्यांत त्याच्या बॅटीचे टोले केवळ चार वेळां सफळ झाले. २ मे रोजीं डेट्रॉइट येथें तो आपण होऊन व्यवस्थापकाकडे गेला आणि आपलें नांव वगळावयास त्यानें सांगितलें. त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशीं डॉक्टरांनीं निदान केलें, कीं स्नायूंस चालना देणारे मज्जातंतु झिजविणारा हा असाध्य रोग आहे. आज अमेरिकेंत त्या रोगास त्याचेंच नांव पडलें आहे. ४ जुलै रोजीं साठ हजारांवर लोकांसमोर त्यानें निरोप घेतला. त्या भाषणांत आपल्या विक्रमांचा हिशेब त्यानें मांडला नाहीं. आपलें शिक्षण व्हावें म्हणून जन्मभर राबलेल्या आईबापांचे मात्र त्यानें आभार मानले.

त्याच वर्षीं, ६ जून रोजीं, पेनसिल्व्हेनियांतील विल्यम्सपोर्ट येथें लहान मुलांच्या लिटल लीग या स्पर्धेचा पहिला सामना झाला. पुढें ही स्पर्धा देशोदेशीं पसरली. आज तिच्या मैदानांवर आठदहा वर्षांच्या मुलाच्या एका चुकीसाठीं पंचांशीं हुज्जत घालणारे आणि घरीं जातांना वाटेंत मुलास फैलावर घेणारे पालक कांहीं विरळा नाहींत. त्यांपैकीं कित्येकांस आपल्या पोटीं दुसरा गेरिग आला आहे असें वाटत असतें. खुद्द गेरिगच्या आईनें तसलें स्वप्न कधींच पाहिलें नव्हतें.

खेळ सुटल्यावर लूनें न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर काम पत्करलें, आणि शरीर चालेनासें होईपर्यंत तो तुरुंगांतून सुटूं पाहणाऱ्यांचीं प्रकरणें तपाशीत असे. २ जून १९४१ रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. त्यास मूलबाळ नव्हतें. वडील १९४६ सालीं वारले. ख्रिस्टीनाबाई १९५४ पर्यंत जगल्या. आपलें चौथें अपत्यही गेल्यानंतर आणखी तेरा वर्षें.