पंडिता रमाबाई : सोवळ्याकडून पावित्र्याकडे

पवित्र शास्त्रात 'पवित्र' यासाठी जो इब्री शब्द येतो, त्याचा अर्थ देवासाठी वेगळे काढलेले असा आहे. वेगळे काढलेले म्हटले की मराठी माणसाला सोवळे आठवते. पण हे दोन्ही एकच का? याचे उत्तर शोधायला पंडिता रमाबाईंच्या जीवनाइतके जवळचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. त्या सोवळ्यातच वाढल्या होत्या.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते आणि रमाबाई आईजवळच शिकल्या. तीर्थक्षेत्रे फिरत पुराण सांगणे हा कुटुंबाचा क्रम होता. स्नान, व्रते, दानधर्म यांत जवळचा पैसा संपला. मग १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. मजुरी करायला कुळाचा अभिमान आड आला. झाडपाल्यावर दिवस काढावे लागले, आणि वडील, आई व थोरली बहीण गेली.

पुढे भावासोबत पायी भारतभ्रमण, १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडिता व सरस्वती या पदव्या, विवाह, कन्या मनोरमा, आणि १८८२ मध्ये वैधव्य. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे लंडनजवळच्या फुलहॅम येथे त्यांनी जे पाहिले, ते त्या कधी विसरल्या नाहीत. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे ख्रिस्ती भगिनी मायेने करत होत्या. ज्यांच्या सावलीपासून धार्मिक माणसाने दूर राहावे असेच रमाबाईंनी पाहिले होते, त्यांच्याजवळ या बायका देवासाठीच जात होत्या! कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट कळली. प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तरीही विटाळत नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

तरी गोष्ट इथे संपली नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळाला नाही. मला हा त्यांचा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा वाटतो. नवा धर्मही नवे सोवळे होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले. शाकाहार आणि पांढरी साडी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पावित्र्य पेहरावात किंवा ताटात नाही, हे त्यांना पटलेले होते.

मग ते कुठे असते? लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय पाहावा. देव पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, अशी आज्ञा देऊन लगेच शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी ठेवणे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून न ठेवणे आणि खरे वजनमाप वापरणे या गोष्टी येतात. (वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना वजनमापाचा नियम तिथे पाहून नवल वाटते.)

पुण्याजवळच्या केडगावी हेच घडले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व बायका आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती मिशनमधील संख्या सुमारे २००० झाली. पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे बायकाच करत. एके काळी ज्या कष्टांची लाज वाटून घरातली माणसे उपाशी राहिली, तेच कष्ट आता प्रार्थनेच्या शेजारी येऊन बसले होते.

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. चार पानांचा लेख भाषांतरित करताना आमची दमछाक होते, म्हणून या कामाचे मोल कळते. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने मुद्दाम जड संस्कृत शब्द टाळले, कारण नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बाईला ते वाचता यायला हवे होते. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले होते.