आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा का निघाली?

‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हयात असतानाच पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. एवढा राग कशाचा होता?

आगरकरांचा जन्म १८५६ मध्ये कराडजवळच्या टेंभूचा. मिल आणि स्पेन्सर वाचून ते व्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते झाले. रूढी असो वा सत्ता, बुद्धीला पटेल तेच मानायचे, हा त्यांचा बाणा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत १०१ दिवस तुरुंगवास भोगला. पुढे मतभेद झाले. ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले.

खरी कसोटी लागली ती १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी. मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे होणार म्हणताच धर्म बुडाल्याची हाकाटी झाली. परक्या सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालू नये, असे टिळकांचे मत होते. आगरकरांनी मात्र कायद्याची बाजू घेतली. स्वातंत्र्य घरच्या कर्त्याला आहे, तसे त्या मुलीलाही आहे आणि तिला स्वतःचे रक्षण करता येत नसेल, तर कायद्याने मध्ये पडावे, अशी ही भूमिका.

१७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. कायदा टिकला आणि धर्मही बुडाला नाही.