डॉक्टर रुडॉल्फ फिरखो

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशी सैनिकांसारख्या तेथे धावून जातात. असाच दाह हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतही होतो, हे तुम्हांला माहीत आहे काय? हा विचार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडणाऱ्या डॉक्टरांची ही गोष्ट आहे.

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १८२१ साली झाला. त्यांचे गाव आज पोलंडमध्ये आहे. बर्लिनला शिकून ते डॉक्टर झाले. सूक्ष्मदर्शक हा त्यांचा जिवलग सोबती. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १८४५ साली केले. तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

१८४८ साली सायलेशिया प्रांतात तापाची भयंकर साथ आली. सरकारने फिरखोंना तेथे पाठवले. त्यांनी काय पाहिले? लोक उपाशी होते. घरे कोंदट होती. गरिबांची भाषा पोलिश आणि अधिकाऱ्यांची जर्मन. फिरखोंनी अहवालात नुसती औषधे लिहिली नाहीत. लोकांना पोटभर अन्न, शिक्षण आणि हक्क द्या, त्यांच्या भाषेला मान द्या, असे त्यांनी सरकारलाच सुनावले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये क्रांती झाली, तिच्यातही ते उतरले. पुढच्याच वर्षी त्यांना बर्लिन सोडावे लागले! सात वर्षांनी त्याच शहराने त्यांना मानाने परत बोलावले.

रोहिण्या आतून जाड का होतात, यावर तेव्हा मोठा वाद होता. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत, रक्तातील द्रव्ये आतल्या बाजूला साचतात. फिरखोंचे मत वेगळे होते. बिघाड रोहिणीच्या भिंतीतच होतो आणि त्यात दाहाचा भाग असतो, असे ते सांगत. त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे मात्र नाही. रोग जंतूंमुळे होतात हे त्यांना लवकर पटले नाही.

१९०२ च्या जानेवारीत चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले व त्यांची मांडी मोडली. सप्टेंबरमध्ये ते वारले.

पुढे १९३० साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन सापडले. शरीरात दाह असला की यकृत ते अधिक बनवते. १९९७ साली दिसले की, ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोकाही जास्त. आज रहिमतपूरचे एखादे गृहस्थ छातीत दुखते म्हणून साताऱ्याला गेले, तर डॉक्टर आधी हृदयाचा आलेख काढतात, रक्तातील चरबी पाहतात आणि कधी कधी हे प्रथिनही तपासायला सांगतात. मात्र धूर दिसला म्हणजे धुराने आग लावली असे होत नाही. हे प्रथिन दाहाची खूण आहे, कारण नव्हे. शिवाय साधा ताप आला तरी ते वाढते.

मग दाह कमी केला तर हृदय वाचेल काय? २०१७ साली दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. चरबी न घटवता केवळ दाह घटवणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले. पण सैनिकच थंडावल्यामुळे जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. त्यामुळे ते औषध हृदयरोग्यांना सर्रास दिले जात नाही.