शाळा होती, पंगत नव्हती
राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. १८९४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर आले. खेड्यातल्या मुलाचे शाळेत नाव लागे, पण शहरात खोली अन् पंगत जात पाहूनच मिळे. म्हणून १९०१ पासून त्यांनी जातवार वसतिगृहे काढली. जातवार का, असे काहीजण विचारतात. उपाशी पोराने त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे होते काय? १९०८ साली अस्पृश्य मुलांचेही वसतिगृह निघाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल घरी ठेवणाऱ्याला दंड बसे. अस्पृश्यांची शाळा मात्र वेगळीच भरे. १९१९ साली ती बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम निघाला. तीनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज मुंबईत निवर्तले.